वाचकांचे प्रश्न : आधी गटार, मग रस्ता

प्रश्न : आमच्या वसाहतीतील अंतर्गत रस्त्यावर गेल्या दहा वर्षांत तीन वेळा डांबरीकरण झाले. प्रत्येक वेळी जुन्या थरावरच नवा थर टाकल्यामुळे रस्ता आमच्या अंगणापेक्षा वीतभर उंच झाला आहे. पावसाळ्यात पाणी फाटकातून आत शिरते आणि नवे डांबर दिवाळीपर्यंतही टिकत नाही. तक्रार केली की पुन्हा डांबरीकरणाचाच प्रस्ताव मंजूर होतो. आम्ही नेमकी कशाची मागणी करावी?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : डांबराची मागणी तूर्त बाजूला ठेवून आपण पाण्याच्या वाटेची मागणी करावी. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी करताना मी जे खड्डे उकरून पाहिले, त्यांपैकी बहुतेकांच्या तळाशी भिजून लगदा झालेला मुरूम असे. रस्त्यावर साचलेले पाणी बारीक भेगांतून आत उतरते, वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या दाबाने ते खडीच्या कडेकडेने घुसते, खडी आणि डांबर यांची पकड सुटते आणि एकदा एक खडा निघाला की शेजारचे निघायला वेळ लागत नाही. म्हणूनच भरपूर पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे शेकडा अडीच इतका उतार देतात. सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण नऊ सेंटीमीटर उंच हवा. मात्र कडेला आलेले पाणी पुढे गटारात गेलेच नाही, तर हा उतारही निरुपयोगी ठरतो.

एखादी मोठी सर ओसरल्यावर अर्ध्या तासाने आपण स्वतः रस्त्यावरून चालत जा आणि गटाराच्या जाळ्या पाहा. आपल्यासारख्या अनेक वसाहतींत मला जाळीच्या तोंडावर मागच्या कामाच्या डांबराचा ओघळ थिजलेला, त्यात दुधाच्या पिशव्या आणि गुलमोहराची पाने अडकलेली आणि दोन हातांवर पाण्याचे तळे साचलेले दिसले आहे. अशा ठिकाणांची छायाचित्रे घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. त्यात स्पष्ट लिहा की, वसाहतीपासून ओढ्यापर्यंत गटाराच्या तळाची पातळी मोजून निचरा होतो की नाही ते आधी तपासावे; जलवाहिनी आणि केबलची खोदाई डांबरीकरणापूर्वीच उरकावी; जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नये आणि चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणून बसवावीत. रस्ते आणि गटारे ही महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ नुसार नगरपरिषदेची कर्तव्येच आहेत, त्यामुळे अर्जाचा सूर विनवणीचा असण्याचे कारण नाही.

अर्ज दिवाळीच्या सुमारास द्यावा. मार्च उजाडेपर्यंत पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातील रकमा बहुधा वाटून झालेल्या असतात. शिवाय माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागील कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी यांच्या प्रती मागाव्यात. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. दोषदायित्व कालावधी संपण्याआधीच रस्ता उखडला असेल, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराने सोसायचा असतो आणि त्याच रस्त्यासाठी नवा प्रस्ताव मांडणे हा सरळसरळ जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला दिलेला आहे. तो फार थोडे लोक वापरतात, याची मला नेहमी खंत वाटते.

प्रश्न : शाळेसमोरील रस्त्यावर दुचाकी आणि टेम्पो भरधाव जातात. आम्ही रहिवाशांनी वर्गणी काढून दोन गतिरोधक बांधले, ते नगरपरिषदेने काढून टाकले. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आम्हाला कोणाकडून मिळेल?
— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु ते गतिरोधक काढले हे योग्यच झाले. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगासाठीचा प्रमाणित गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी केवळ १० सेंटीमीटर उंच असतो. हौसेने घातलेला अरुंद, उभा उंचवटा रात्री दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे देतो. तो गटाराच्या कडेपर्यंत भिडवलेला असला, तर त्याच्यामागे पाणी तुंबून तिथेच पहिला खड्डा पडतो.

वेगमर्यादेचा विषय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये येतो. राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला प्राधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून आणि जागेवर फलक लावून एखाद्या रस्त्यासाठी कमी मर्यादा ठरवू शकतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल, तर राजपत्राची अट नाही. नगरपरिषदेने स्वतःहून फलक रंगवला, तरी त्यावरून पोलिसांना दंड करता येत नाही. म्हणून नगरपरिषदेचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि शाळा भरताना व सुटताना केलेली वाहनांची मोजणी एकत्र जोडून प्रस्ताव वाहतूक पोलिसांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

३० चाच आग्रह का, हे प्रस्तावात अवश्य लिहा. चालकाला समोरचे मूल दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, असे धरले, तर ताशी ५० च्या वेगाने वाहन तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेले असते आणि ३० च्या वेगाने सव्वाआठ मीटर. त्यानंतरचे ब्रेक लावून थांबण्याचे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. पादचारी आणि वाहने एकाच रस्त्यावर येतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे रस्ते सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे.

प्रश्न : पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी जाऊन माझ्या वडिलांचा पाय मोडला. नुकसानभरपाई मिळते का?
— एक वाचक, जि. ठाणे

उत्तर : मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्यास सांगितले आहे. दाव्याचा निर्णय संबंधित संस्थेचा प्रमुख अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने करायचा असून, ही रक्कम जबाबदार ठेकेदार वा अधिकाऱ्यांकडून वसूल करायची आहे.

रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की अन्य प्राधिकरणाचा, हे प्रथम लेखी विचारून घ्या, नाहीतर अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहील. पोलीस ठाण्यातील नोंद, रुग्णालयाची कागदपत्रे आणि खड्ड्याची तारखेसह छायाचित्रे सांभाळून ठेवा. तक्रार होताच खड्डा बुजवला जातो आणि मग जागेवर पुरावा उरत नाही, त्यामुळे वडिलांचे प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका. अर्ज याच आठवड्यात देऊन पोच घ्या.