घरी जोडलेला पीसी गेममध्ये दहा मिनिटांनी अडकायला लागतो, ग्राफिक कार्ड बदलू का?

नको बदलू. निदान आत्ता तरी कार्डावर एक रुपया घालू नकोस. बारावीनंतर स्वतः जोडला म्हणतोस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको. तुझं सगळं परत वाचलं. आय-५ १२४०० प्रोसेसर, १६ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, विंडोज २५६ च्या एसएसडीवर आणि गेम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, वर्षभर मस्त चालला आणि आता जीटीए ५ लावलं की पहिली दहा मिनिटं ठीक, मग एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) एकदम खाली, व्हॅलोरंटला पण तेच. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंयस की घर हर्णैला बंदराजवळ आहे आणि टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली. मला विचारशील तर अख्ख्या प्रश्नात कामाच्या गोष्टी दोनच, ती दहा मिनिटं आणि ती खिडकी.

कार्ड कमी पडत असतं ना तर ते पहिल्या मिनिटापासूनच कमी पडलं असतं. कार्डाला काय माहीत दहा मिनिटं झाली ते. सुरुवातीला नीट आणि थोड्या वेळाने रडायला लागतं म्हणजे आत काहीतरी हळूहळू तापतंय आणि तापल्यावर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतंय. १२४०० ची मर्यादा १०० डिग्रीची आहे, तिथे पोचला की तो आपणहून क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतो, बंद पडत नाही, एरर देत नाही, नुसता मंद होतो. म्हणून लोकांना वाटतं पीसी जुना झाला, कार्ड जुनं झालं, आणि बिचारे नवीन कार्ड आणतात, आणि नवीन कार्ड लावून पण दहा मिनिटांनी तेच. मी देवगडला राहतो, नोकरी सांभाळून ओळखीच्यांचे पीसी जोडून देतो, दुरुस्त करतो, आणि समुद्राजवळच्या घरातला पीसी असा आला की मी आधी कूलर बघतो, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालची धातूची पाती.

पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उघडायला बसू नको, आधी आकडे बघ. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाक, चालू करताना सेन्सर्स ओन्ली वर टिक कर, आणि ते मागे चालू ठेवून वीस मिनिटं जीटीए खेळ, मग बाहेर येऊन मॅक्सिममचा रकाना बघ. प्रोसेसरचं टेंपरेचर ९५-१०० ला गेलेलं असेल आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत यस आलं असेल तर चोर सापडला. गेममध्ये १२४०० चा क्लॉक ४ गिगाहर्ट्झच्या आसपास राहायला पाहिजे, तो अडीच-दोन वर घसरत असेल तर तोच तुझा लॅग. कार्डाचं टेंपरेचर पण तिथेच दिसेल, ७०-८० असेल तर चिंता नाही.

आता कूलर. तुझ्याकडे प्रोसेसरच्या डब्यातला इंटेलचाच कूलर असणार, त्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात, दाबून बसवायच्या. ह्या पिनांनी जेवढ्या लोकांना फसवलंय तेवढं दुसऱ्या कशाने नसेल. वरून बघितलं तर चारही बसलेल्या दिसतात. मदरबोर्ड काढून मागून बघायचं, प्रत्येक भोकातून पांढऱ्या प्लास्टिकची दुभंगलेली टोकं बाहेर आलेली पाहिजेत आणि त्यांच्या मधोमध काळी दांडी घुसून ती फाकलेली पाहिजेत. एकाच पिनेची काळी दांडी मध्ये आलेली नसेल तर तो कोपरा केसभर वर राहतो, आणि मग पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता पोचवायला लावतात ती) सुकत जाते तसा तिथला फरक वाढत जातो. माझ्या स्वतःच्या पीसीत हेच झालं होतं, वर्षभर चाललं कारण पेस्ट ताजी होती, दुसऱ्या उन्हाळ्यात गेम लावला की पाच मिनिटांत ९८ डिग्री. मी रॅम बदलून बघितली, विंडोज दोनदा नवीन टाकलं, आणि शेवटी बोर्ड उताणा केला तर एक पीन अर्धी. तो महिना फुकट गेला म्हणून तुला एवढं पोटतिडकीने सांगतोय.

काढताना पिनेच्या टोपीवर बाण असतो त्या दिशेला फिरवून वर ओढायची. बसवताना उलट फिरवून ठेवायची आणि समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या दोन पिना एकाच वेळी दाबायच्या, टक् असा स्पष्ट आवाज येतो, चारही आवाज मोजायचे. कॅबिनेटमध्ये ठेवून हे करू नको, बोर्ड वाकतो आणि मागचं दिसत नाही. बोर्ड बाहेर काढ, आंब्याच्या खोक्याचा सपाट पुठ्ठा खाली घे आणि त्यावर काम कर. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकायची, नवीन वाटाण्याएवढी मधोमध, बोटाने पसरायची गरज नाही, दाबाने आपोआप पसरते.

पेस्ट लावण्याआधी कूलरच्या पात्यांकडे नीट बघ. शहरातल्या पीसीत धूळ कोरडी असते, ब्लोअर मारला की उडाली. आपल्याकडे तसं नसतं. भूगोलात शिकलोय ना, दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. तुझी पश्चिमेची खिडकी दिवसभर खारा वारा सरळ कॅबिनेटच्या तोंडावर सोडतेय. मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवतं, त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते, आणि पात्यांच्या मध्ये मेणचट थर होतो, बोटाने खरवडला तर बोटाला चिकटतो. त्याच्या खाली अॅल्युमिनियमवर कधी कधी पांढरी पूड दिसते, ती धूळ नाही, धातू खराब होतोय. असा थर ब्लोअरने जात नाही. फॅन सोडवून बाजूला ठेव आणि नुसती पाती भांड्याच्या साबणाने, रंगाच्या मऊ ब्रशने धुऊन काढ, मग उन्हात पूर्ण दिवस वाळव, पावसाळ्यात असशील तर दोन दिवस. फक्त कूलरची धातूची पाती धुवायची हां, ग्राफिक कार्डाला पाणी लावू नको, त्याला ब्रश आणि ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नको.

रॅम आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पण बघून घे. काळपट दिसल्या तर त्याच अल्कोहोलने कापड ओलं करून पुसायच्या. खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, मी पण आधी करायचो, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि खालच्या धातूला खारी हवा अजून लवकर खाते, म्हणून सोडून दिलं.

टेबल हलवता येत असेल तर आजच हलव, पूर्वेच्या किंवा आतल्या भिंतीकडे. ते जमत नसेल तर दिवसा ती खिडकी बंद आणि रात्री उघडी. अजून एक, पावसाळ्यात पीसीवर प्लास्टिकचं कव्हर घालायची घरच्यांना सवय असते, आईला सांगून ते काढ, आतला दमटपणा आतच राहतो. जुनी सुती साडी चालते, ती पण पीसी बंद असतानाच. आणि पावसाळ्यात गेम नसला तरी रोज तासभर पीसी चालू ठेव, आतल्या उबेने कोरडा राहतो.

आता समज टेंपरेचर ७० च्या आतच निघालं, तर बाकीचं बघू. मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते मागे जाऊन डोळ्यांनी बघ, १२४०० ला स्वतःचं ग्राफिक्स आहे त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तरी चित्र येतं आणि कळतच नाही की कार्ड नुसतं बसून आहे. तुझा वर्षभर नीट चालला म्हणजे बहुतेक बरोबर असेल, पण मध्ये साफसफाईत कोणी केबल काढून लावली असेल तर सांगता येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघ, रॅम ३२०० ची असून २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, चालू कर. आणि एकच १६ ची स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, रॅमकडे जायला एकच वाट, व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमला ते जाणवतं, पुढेमागे पैसे आले तर तसलीच दुसरी घे, बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा.

गाडी चालवताना रस्ता पुढे येतच नाही, क्षणभर थिजतं आणि परत पळतं, असं होत असेल तर मात्र हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघड, पिवळा रंग दिसला तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी कर, गेमचं नंतर बघू.

व्होल्टेजचं तू विचारलंयस. संध्याकाळी दिवे मंद होतात हे आमच्याकडे पण आहे, पण त्याने पीसी हळू होत नाही. एसएमपीएसला एकतर पुरतं किंवा पुरत नाही, पुरलं नाही तर पीसी रीस्टार्ट होतो नाहीतर सरळ बंद पडतो. तुझा बंद पडत नाहीये, त्यामुळे लॅगचा दोष विजेला देऊ नको. पण कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणालास ते मला अजिबात आवडलं नाही. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर अर्ध्याच्या आसपास व्होल्टेज येतं, करंट अगदी थोडा असतो पण पीसीसाठी वाईटच, आणि वायरिंगमध्ये दुसरा काही दोष असला तर माणसासाठी पण. जांभ्यात एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालून बघा आणि ह्या आठवड्यात वायरमनला बोलव, हे गेमच्या आधी. तोपर्यंत प्लग काढल्याशिवाय कॅबिनेटच्या आत हात घालू नको.

कार्डाचा विचार कधी करायचा, तर टेंपरेचर नीट, क्लॉक ४ ला स्थिर, आणि तरी कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के आणि एफपीएस कमी, तेव्हा. १६५० ला मेमरी ४ जीबीच आहे, नव्या गेममध्ये टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरच्या बारकाव्यांची सेटिंग) हायवरून मीडियमला आणलं की बराच फरक पडतो, ते आधी करून बघ. आणि आरटीएक्स ३०६० वगैरे डोक्यात असेल तर ते एकटं १७० वॅट खातं, त्याला कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, म्हणजे तुला कार्डाबरोबर एसएमपीएस पण आला. घरच्यांकडे पैसे मागायच्या आधी हा हिशोब मांड.

वीस मिनिटं खेळून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फोच्या स्क्रीनचा फोटो आणि बोर्ड काढलास तर मागच्या चार पिनांचा जवळून फोटो इथेच खाली टाक. रात्री साडेनऊनंतर मी बघतो, कुठली पीन आहे ते खूण करून सांगतो.