चित्र, वस्तू आणि फोटो, तिन्हीकडे अर्धवट कामं साचली आहेत. एकच माध्यम निवडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही चित्रं काढता, वस्तूंचं डिझाइन करता, कॅमेराही हातात असतो, आणि तिन्हीकडे मिळून पंधरा-वीस कामं अर्ध्यावर पडली आहेत. घरचे म्हणतात, काय ते एक धर. शिवाय अर्धवट कामं इंटरनेटवर टाकावीत का, हेही तुम्ही विचारलंय.

मी गोव्यात, डिचोलीत राहते, पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरते. घरच्यांचं ते वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय, तेव्हा सल्ला देण्याआधी माझ्या टेबलावर सध्या काय पडलंय ते सांगते.

एक खिडकी आहे. सासष्टीतल्या एका जुन्या घराची, शिंपल्यांची. तुम्ही गोव्याचे असाल तर पाहिली असेल. काच महाग होती त्या काळात लाकडी चौकटीत चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवत. ऊन आत यायचं पण दुधासारखं होऊन. चार वर्षांपूर्वी मी तिचे फोटो काढले. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत, दर पंधरा मिनिटांनी एक. उद्देश काहीच नव्हता, उजेड कसा सरकतो ते बघायचं होतं. ते फोटो फोल्डरमध्ये गेले आणि तिथेच राहिले. अर्धवट काम क्रमांक एक.

मग घर पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडून जुन्या खिडकीतले बासष्ट शिंपले मिळाले. नवे गोळा करायचा प्रश्नच नव्हता. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, खाडीतून काढायला बंदी. म्हटलं, यांचा दिवा करू. फणसाच्या लाकडाची चौकट केली, शिंपले त्यावर इपॉक्सीने चिकटवले. मेमध्ये दिवा इतका सुंदर दिसत होता की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. जुलैत अकरा शिंपले तडकले. लाकूड पावसात फुगलं, शिंपला काही फुगत नाही, आणि मध्ये इपॉक्सी हटून बसलेली. दुसरी चौकट जाड लाकडाची केली. तिने पुढच्या पावसात नऊ घेतले. अर्धवट काम क्रमांक दोन, आणि ते बघून मला चीड यायची म्हणून माळ्यावर टाकलेलं.

तिसरं काम चित्रांचं. जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांची मालिका, शाई आणि जलरंग. त्यात ही खिडकी काढायला घेतली आणि पेन एका जागी अडलं. शिंपला जिथे लाकडाला भेटतो तिथे एक रेघ काढायची की दोन? कॅमेरा असले प्रश्न विचारत नाही, सगळं एकदम टिपून मोकळा होतो. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून ते जुने फोटो उघडले, साडेअकराचा एक मोठा करून पाहिला, तर प्रत्येक शिंपल्याच्या कडेला केसाएवढी काळी फट. म्हणजे रेघा दोन. आणि म्हणजेच शिंपले चिकटवलेले नव्हतेच! पट्टीला खाच पाडून त्यात नुसते सरकवलेले.

मी धावत आमच्या मेस्तकाकांकडे, म्हणजे सुतारकाकांकडे गेले. फोटो दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "तांकां हालपाक सुवात जाय गे बाय," त्यांना हलायला जागा हवी गं बाई, एवढंच म्हणाले आणि रंधा मारायला लागले. दोन पावसाळे आणि वीस शिंपले गेल्यावर मला जे कळलं ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी आधी विचारलं नाही, कारण मी "डिझाइनर" होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. यातलं कुठलं एक मी निवडायला हवं होतं? फोटो सोडले असते तर फट दिसली नसती, चित्र सोडलं असतं तर फोटो पुन्हा उघडलाच नसता. माझं तर मत झालंय की तुमची पंधरा-वीस कामं नसतीलच. नीट पाहिलंत तर दोन-तीन विषय असतील आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या कपड्यांत फिरत असेल. तसं नसेल, पंधरा कामांचे खरंच पंधरा विषय असतील, तर घरच्यांचं थोडं बरोबर आहे.

मी एक सवय लावून घेतली. काम बाजूला ठेवताना मागे पेन्सिलने लिहायचं, ते कशासाठी थांबलंय. "कंटाळा" असं लिहावं लागलं तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं. बाकीची उत्तरं बहुतेक साधी निघतात. ऊन हवंय, पैसे हवेत, मेस्त हवेत. इथे अर्धी कामं तर पावसासाठीच थांबतात. जून ते सप्टेंबर जलरंगाचा थर वाळता वाळत नाही आणि चांगला तीनशे ग्रॅमचा कागदही ओल धरून बुरशीचे ठिपके दाखवतो, म्हणून तेव्हा मी पेन्सिल आणि शाईची कामं पुढे काढते. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासोबत. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवते. एक लेन्स बुरशीने गेल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.

इंटरनेटवर टाकण्याबद्दल मात्र तिन्ही माध्यमांना एक नियम लावू नका. चित्र आणि फोटो खुशाल दाखवा. कॉपीराइट ते तयार होताच तुमचा होतो, नोंदणी लागत नाही. (माणसांचे आणि राहत्या घरांचे फोटो असतील तर आधी विचारा. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत लोक दारात फोटो काढणाऱ्यांना किती विटलेत ते जाऊन बघा.) वस्तूचं डिझाइन वेगळं. आपल्या 2000 सालच्या डिझाइन कायद्यात नोंदणीसाठी ते नवीन असावं लागतं, आणि अर्जाआधी तुम्हीच ते जगजाहीर केलंत तर नवेपण संपलं. मी स्वतः डिझाइन केलेल्या घडीच्या खवणीचा फोटो हौसेने टाकला, दोनशे लोकांनी वाहवा केली, आणि पुढच्या महिन्यात वकिलाने नकारार्थी मान हलवली. नोंदणी झाली असती तर दहा वर्षं आणि वर पाच वर्षं मुदतवाढ मिळाली असती. शिवाय नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखानदारी पद्धतीने त्याच्या पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याचाही आधार जातो. म्हणून वस्तू दाखवायचीच तर तिची नापास झालेली रूपं दाखवा. तडकलेल्या दिव्याचे फोटो मी टाकले, ते लोकांना चांगल्या दिव्यापेक्षा जास्त आवडले.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं आज फरशांवर, कपांवर सगळीकडे दिसतात, पण तरुणपणी ते रोज डायरीत चित्रं काढत, कुणाला दाखवायची म्हणून नव्हे. दाखवायच्या आणि न दाखवायच्या कामांसाठी दोन वह्या ठेवाव्यात असं मला वाटतं. मी ठेवते. दुसरी लवकर भरते.

खिडकीचं चित्र झालं, दोन रेघांसकट. फोटोंचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दिव्याची तिसरी चौकट, खाचा पाडलेली, मेस्तकाकांकडे आहे. शिंपले बेचाळीसच उरलेत म्हणून आकार लहान केलाय. गणपतीच्या चवथीनंतर देतो म्हणालेत. कुठल्या चवथीनंतर ते मी विचारलेलं नाही.