एकुलती लेक घेऊन जर्मनीला जाताय म्हणून लिहितेय

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी तीन वर्षांची, एकुलती, दापोलीचं भरलं घर सोडून निघायचंय तर आधी दुसऱ्या मुलाचा विचार करावा का. व्हिसाचं सगळं वकिलातीच्या साइटवर आहे. फक्त जन्मदाखल्यातलं स्पेलिंग आत्ताच बघा, आमच्या आडनावात एक ए जास्त होता, त्या एका ए पायी तीन महिने गेले.

एकुलती मुलं हेकट होतात म्हणतात ना, फाल्बो आणि पोलिट या संशोधकांनी १९८६ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले, तसं काही निघालं नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. इथं जर्मनीत बालवाडीत आमचा मुलगा बोलेना, तर बाई म्हणाल्या घरी भावंड नाही ना म्हणून, आणि शाळेतही वर्षभर उशिरा घेतला. अजून डाचतं. कारण गुहागरला हाच पोरगा खळ्यात सात चुलत-आतेभावंडांत काजूबिया खेळताना हरला की "ती बी माझी नव्हतीच" असं सगळ्यांना पटवून द्यायचा! समोरच्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे भावंडंवाल्या मुलांना लवकर कळतं, असं पर्नर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं. पण १९९६ मध्ये क्रीट-सायप्रस बेटांवरच्या मुलांचा अभ्यास आला, त्यात रोज आसपास वावरणारी मोठी माणसं नि मोठी मुलंही तेवढीच कामाची ठरली. म्हणजे आमची वाडीच की.

आम्ही मात्र घाबरून दुसरी होऊ दिली, सहा वर्षांच्या अंतरानं. खोटं कशाला बोलू, थोरल्याला सोबत म्हणून. तुम्हाला स्वतःला हवं असेल तरच दुसरं होऊ द्या. आता थोरल्यानं शाळेतून जर्मन घरात आणली आणि धाकटीला तीच लागली, मराठी कळते पण तोंडातून येत नाही, भांडतात तेपण जर्मनमधून, मी मधे पडते तर निम्मं कळत नाही.

एकटेपणा असतोच, डिसेंबरात चारला अंधार पडतो, होते सवय.

सुट्टीचं मात्र कोणी सांगत नाही. आमच्याकडे मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात, म्हणजे पोरं घरी पोचतात ती भर पावसात, आंबे-फणस संपलेले, भावंडं शाळेत. गेल्या वर्षी आईनं यांच्यासाठी डबाभर काजूबिया राखून ठेवलेल्या. पडवीत दोघंच खेळली, आणि थोरला तिला नियम जर्मनमधून समजावत होता.