इंटरनेट सुसाट असूनही उबंटूचं अपडेट इतकं का रेंगाळतं?

तुम्ही म्हणताय की लॅपटॉप जुना आहे, नेट उत्तम चालतं, तरी उबंटू या लिनक्स प्रणालीच्या अपडेटला पाऊण तास लागतो, आणि डाउनलोडचा सर्व्हर बदलूनही फरक पडला नाही. तो पडणारच नव्हता. तुमचा वेळ डाउनलोडमध्ये जातच नसावा.

पुढच्या वेळी अपडेट टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, चालवा आणि नुसतं बघत बसा. ‘गेट’ने सुरू होणाऱ्या ओळी भराभर वर सरकतील. ‘अनपॅकिंग’, म्हणजे पॅकेजं (प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे) उलगडणं, आलं की चाल मंदावेल. शेवटी ‘प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी’वर (मॅन-डीबी मदतीच्या पानांची सूची ठेवतो) सगळं ठप्प झाल्यासारखं वाटेल, आणि प्रगतीची पट्टी तर तोवर जवळजवळ भरलेली असेल. ही पट्टी कामाचे टप्पे मोजते, वेळ नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. दुसऱ्या खिडकीत ‘टॉप’ (मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारी आज्ञा) उघडून ‘डब्ल्यूए’चा आकडा बघा. तो फुगलेला असेल तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय.

डिस्कला एवढं काम कुठून येतं? पॅकेज बसवणारा डीपीकेजी प्रत्येक नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेतो, आणि मगच जुन्या फाइलच्या जागी ठेवतो. या खात्रीला एफसिंक म्हणतात. मध्येच वीज गेली तर रिकाम्या फाइली हाती येऊ नयेत म्हणून हा खटाटोप. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, तो फारसा जाणवत नाही. पण मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला फिरते ९० वेळा, प्रत्येक खात्रीसाठी तिच्या फिरण्याची वाट बघावी लागते, आणि एका पॅकेजात हजारो बारीक फाइली असू शकतात. कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) हेडर पॅकेजं या बाबतीत अगदी वैताग आणतात.

हा एफसिंक बंद करण्याचा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. डॉकरची इमेज, म्हणजे प्रोग्राम चालवायचा तयार साचा, बांधताना तो ठीक आहे, कारण बिघडली तर फेकून पुन्हा बांधायची. रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर, त्यात बॅटरी थकलेली असेल तर, मी अजिबात करणार नाही.

कर्नलचं अपडेट असेल तेव्हा आणखी भर पडते. इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारा फाइलींचा संच) नव्याने बांधून, आकार कमी करायला दाबलं जातं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) घेतलेला असेल तर तो नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो. इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ हे ‘मोस्ट’वरून (बहुतेक सगळे ड्रायव्हर) ‘डेप’वर (फक्त या मशीनला लागणारे) नेलं की ते बरंच आटोपशीर होतं, फक्त ती डिस्क उद्या दुसऱ्या मशीनला लावली तर बूट न होण्याची शक्यता राहते. मॅन-डीबीची आपोआप होणारी सूची मात्र खुशाल बंद करा, काही अडत नाही.

तुमची आवृत्ती २०.०४ असेल तर आणखी एक कारण आहे. तेव्हाची पॅकेजं एक्सझेड या पद्धतीने दाबलेली असत, आणि ती उलगडायला वेळ लागतो. उबंटूने २१.१० पासून त्याऐवजी झेडस्टॅंडर्ड ही दाबण्याची पद्धत घेतली. आर्च लिनक्स या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने जानेवारी २०२० मध्ये हाच बदल जाहीर केला, तेव्हा पॅकेजांचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, पण उलगडण्याचा वेग कित्येक पटींनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या मते असा सौदा कधीही करावा.

‘लॉक मिळत नाही’ (लॉक म्हणजे एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून घातलेलं कुलूप) असा निरोप आला तर बहुतेक वेळा मागे आपोआप चालणारं अपडेट सुरू असतं. लॉकची फाइल उडवू नका, थांबा. आणि रेंगाळतंय म्हणून लॅपटॉप बटण दाबून बंद तर मुळीच करू नका.

आता तुमच्यासाठी पहिलं काम. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ (डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून ‘रोटा’ हा रकाना मागा. तिथे १ दिसला तर डिस्क फिरती आहे, आणि मग वरच्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेवून एसएसडी बसवा. ० दिसला तर अपडेट चालू असताना ‘टॉप’मधल्या वरच्या चार-पाच ओळी इथे टाका, नेमकं कोण खातंय ते बघू.