नवऱ्या पंधरा, नवरदेव एकही नाही

खारघरच्या ताई, घरात पंधरा बार्ब्या, नातीचा बाहुला-बाहुलीच्या लग्नाचा हट्ट आणि पुरुष बाहुला एकही नाही, हे तुमचं वाचलं आणि माझंच जुनं दुखणं आठवलं. आमच्याकडे ठाण्यात तर एका बार्बीलाच मिशी काढून बोहल्यावर उभी केली होती.

नवा केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार बाहुला, घ्या, हे सांगायला मी कशाला हवी! दुकानात बार्ब्यांच्या रांगेत एखादा दिसतो, आणि महाग असतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. कोणी जी. आय. ज्यो हा सैनिक बाहुला सुचवेल, तर ऐकू नका. आपल्याकडे फनस्कूल या खेळणी कंपनीचे आले ते पावणेचार इंची, बार्बी साडेअकरा इंच. नवरदेव नवरीच्या गुडघ्याच्या जरा वर येतो. केन साधारण बारा इंची. मॅक्स स्टील नावाचा जुना बारा इंची बाहुला मिळाला तरी चालेल. माझा घोडबंदर रोडच्या एका भंगारवाल्याने वीस रुपयांत दिला. दिवाळीच्या साफसफाईआधी सोसायटीच्या ग्रुपवर 'जुने पुरुष बाहुले हवेत, तुटके चालतील' असं टाका. पोरी बार्ब्या जपतात, केन आधी भंगारात जातो.

परदेशातून मात्र मागवू नका. निदान माझ्यासारखं तरी नकोच. मावसबहिणीने अमेरिकेत एका गराज सेलमध्ये तीन वापरलेले केन घेतले, दोन-दोन डॉलरना. मीच शहाणपणा केला, म्हटलं बिलबिल काही टाकू नकोस, नुसतं गिफ्ट लिही. पार्सल अडकलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला म्हणाले, बिल आणा. दुसऱ्या खेपेला ओळखपत्राची प्रत मागितली, जी पहिल्या खेपेलाच दिली होती. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, ते चारपर्यंत आलेच नाहीत. चौथ्या खेपेला कळलं की किंमत त्यांनीच ठरवून टाकलीय, नव्या कोऱ्या डबाबंद केनची! एकाची मान लुळी, दुसऱ्याला बूट नाहीत, तरी भाव नव्याचा, आणि शुल्क त्या भावावर. वर खिडकीतून प्रश्न, "मॅडम, या वयात बाहुल्या?" पैसे भरले, काय करणार. मावसबहिणीने विकणाऱ्याकडून कागदाच्या चिठोऱ्यावर 'वापरलेले, दोन डॉलर' असं लिहून घेतलं असतं तर निदान भांडायला काहीतरी हातात असतं. नियम बदलतात, मी काही जाणकार नाही, तुमची चौकशी तुम्ही करा.

हाती आलेल्याचं डोकं बदलायचं असेल तर नुसतं ओढू नका, मानेतली खुंटी तुटते. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा, मऊ पडलं की हलवत हलवत काढा. (१९६१ चा पहिला केन सापडला, सापडणार नाहीच, तर त्याला पाण्याजवळ नेऊ नका. त्याचे चिकटवलेले मखमली केस ओले झाले की गळायचे.) चेहरा पुसायला नेल पॉलिश रिमूव्हर फक्त मऊ डोक्यावर, तोही बेताने. कडक छातीवर सांडला तर छाती विरघळते. २०१७ पासून केन सडपातळ आणि रुंद बांध्यांतही येतात, म्हणून शेरवानी माप घेऊनच शिवा.

फेट्याला खरं फेट्याचं कापड वापरलंत तर डोक्यावर उशी ठेवल्यासारखं दिसेल. जुन्या शिफॉनच्या ओढणीची पट्टी घ्या, धोतराला विरलेलं मलमल, मुंडावळ्यांना पोतीचे मणी. जुने पाय चिकट लागले तर साबणाने धुवा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात बांधून ठेवू नका.

तो लुळ्या मानेचा केन मी दुरुस्त केलाच नाही. आमच्या लग्नांत तो भटजी असतो, मान खाली घालून पोथी वाचतो.