गावतळ्यातली कुमुदिनी कुठे गेली?

प्रश्न : आमच्या पाझर तलावात पावसाळा सरताना काठाकाठाने छोटी पांढरी, केसाळ पाकळ्यांची फुले तरंगायची. गाळ काढल्यापासून एकही दिसत नाही. कास पठारावर हीच फुले पाहिली. ही वनस्पती संकटग्रस्त आहे का? दुसरीकडून आणून लावता येईल का?
– एक वाचक, ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : वर्णनावरून ही कुमुदिनी, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. पान कमळासारखे गोल असले तरी कमळाशी तिचे नाते नाही. फुले देठावर पानाजवळच झुपक्याने येतात, मध्यभागी पिवळी असतात आणि सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजतात. कासच्या कुमुदिनी तलावात तुम्ही पाहिली ती हीच.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, ती ‘कमी चिंतेची’ या वर्गात आहे, कारण आशिया-ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत तिचा पसारा मोठा आहे. कासचाच वायतुरा (ही दुसरी वनस्पती) मात्र ‘संकटग्रस्त’ आहे. तो सह्याद्रीच्या मोजक्या पठारांपलीकडे उगवत नाही. पण लाल यादी जगभराचा हिशेब मांडते, तुमच्या तळ्याचा नाही. कुमुदिनी जगात भरपूर असूनही एका तालुक्यातून पार पुसली जाऊ शकते, आणि ते कोणत्याच यादीत दिसणार नाही. आम्हाला खरी काळजी याचीच वाटते.

ती गेली कशाने? तिची मुळे उथळ काठच्या वरच्या गाळात असतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेत गाळ शेतात गेला की मुळे आणि बीही सोबत जातात. दुष्काळी मराठवाड्यात गाळ काढायलाच हवा, त्याला आमचा विरोध नाही. चूक होते ती पोकलेनने काठ उभा कापण्यात. मग दोन-तीन फूट पाण्याची पट्टीच उरत नाही, आणि नवे रोप रुजायला जागा राहत नाही. पुढच्या वेळी काठाचा एक तृतीयांश भाग त्या वर्षी तसाच सोडा आणि उरलेल्या काठाला खोदताना सौम्य उतार द्या. तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला असेल, तर तोही पाणवनस्पती फस्त करतो. मत्स्यबीज कोणते सोडले ते मच्छीमार संस्थेला विचारा.

जुन्या गाळाची पट्टी कुठे शिल्लक असेल, तर आधी दोन पावसाळे वाट बघा. बी आपोआप उगवू शकते. नाहीच उगवले तर तुमच्या मन्याड नदीच्या खोऱ्यातल्याच एखाद्या तळ्यातून, ग्रामपंचायतीला व तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून आणा. एक गोष्ट हमखास चुकते. कुमुदिनीची फुले दोन प्रकारची असतात : एकात स्त्रीकेसराची काडी पुंकेसरांहून उंच, दुसऱ्यात आखूड. दोन्ही प्रकार जवळ असल्याशिवाय बी नीट धरत नाही. एकाच रोपाच्या जाळीतून दहा तुकडे आणले तर सगळी फुले एकाच प्रकारची येतील; पाने पसरतील, बी मात्र धरणार नाही. म्हणून सकाळी भिंगाने फुले पाहून चार-पाच वेगळ्या जागांवरून, दोन्ही प्रकारचे, पान आणि मुळे असलेले पंधरा-वीस तुकडे घ्या. जलपर्णीचे एकही पिल्लू चिकटलेले नाही याची धुऊन खात्री करा. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी, भाद्रपदात पाणी स्थिरावल्यावर, गुडघाभर पाण्यातल्या चिखलात खोचा. गुरे पाण्यावर येतात ती बाजू टाळा.

प्रश्न : आमच्या तळ्याला पाणथळ म्हणून कायद्याचे संरक्षण मिळेल का?
– एक वाचक, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : बहुधा नाही. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत, आणि मराठवाड्यातली बहुतेक तळी त्याच कामासाठी बांधलेली. जैवविविधता कायदा, २००२ मात्र उपयोगी पडतो. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. तीत फुलाचे स्थानिक नाव, फुलण्याचा महिना, तळ्याचा कोणता काठ आणि फोटो नोंदवून घ्या. गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा ते पान पुढे ठेवा आणि कोणती पट्टी सोडायची ते ठरावातच लिहून घ्या.