दृष्टिहीनांसाठी घरगुती उपकरणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पूर्णतः अंध असून परळला राहते, माझे पती अल्पदृष्टी आहेत. आमचे जुने सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आता दुरुस्त होण्यासारखे राहिलेले नाही. दादरच्या दुकानांत चौकशी केली, तर बहुतेक ठिकाणी टच पॅनेलचीच मशीन दाखवली गेली. विक्रेते माझ्याशी न बोलता पतींशीच बोलतात आणि ‘मोबाइलवर ॲप आहे, सगळे त्यावरून होते’ एवढेच सांगतात. मशीन कोणते घ्यावे? इंडक्शन शेगडीही घ्यायची आहे.
— एक वाचक, परळ

उत्तर : कोणत्याही कंपनीचे नाव मी मुद्दाम सुचवत नाही, कारण त्याच नावाच्या मशीनचे पॅनेल पुढच्या वर्षी बदललेले असू शकते. दुकानात काय तपासावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

टच पॅनेलची अडचण केवळ त्याच्या गुळगुळीतपणाची नाही. डोळस व्यक्ती बटण आधी पाहते आणि मग त्याला हात लावते. तुम्हाला मात्र हात लावूनच ते शोधावे लागते, आणि शोधणाऱ्या बोटाचा स्पर्शही असे पॅनेल आज्ञा म्हणूनच स्वीकारते. म्हणून दाबल्यावर आत जाणारी आणि कडा बोटांना लागणारी बटणे, ही पहिली अट ठेवावी.

गोल नॉब दिसला म्हणून लगेच समाधान मानू नये. तो स्वतः फिरवून पाहावा. काही नॉब ठरावीक जागी अडतात आणि त्यांच्या उंचवट्याच्या दिशेवरून कोणता प्रोग्रॅम निवडला आहे ते बोटांना समजते. काही मात्र गोलगोल फिरतच राहतात आणि निवड केवळ दिव्यावरून कळते. असा नॉब असलेले मशीन चालू करताच दर वेळी एकाच प्रोग्रॅमवर येत असेल, तर तेथून खटके मोजून काम भागते. मागचा प्रोग्रॅम लक्षात ठेवणारे मशीन असेल, तर घरातील दुसऱ्या कोणी ते वापरल्यावर तुमची मोजणी चुकते. हे कळण्यासाठी मशीनला वीजजोडणी हवी, आणि ती मागण्यात संकोच करू नये. चालू, बंद आणि धुणे संपले, यांचे आवाज वेगवेगळे आहेत का, हेही त्याच वेळी ऐकून घ्यावे.

ॲपविषयी विक्रेते सांगतात ते अर्धेच खरे आहे. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी मोबाइलमधील सोय, सुरू ठेवून ॲपमधील प्रत्येक बटणाचे नाव ऐकू येते का, ते दुकानातच तपासावे. नावाऐवजी नुसतेच ‘बटण’ ऐकू येत असेल, तर ते ॲप तुमच्या कामाचे नाही. शिवाय अनेक मशीनमध्ये मोबाइलवरून सुरुवात करण्यापूर्वी मशीनवरचेही एक बटण दाबावे लागते, आणि इंटरनेट बंद पडले की सगळेच अडते. ॲप जोडीला असावे; केवळ त्याच्या भरवशावर मशीन घेऊ नये.

सेमी-ऑटोमॅटिक पुन्हा घेण्यातही कमीपणा नाही. त्याचा यांत्रिक टायमर जसजसा उलट फिरतो, तसतसे नॉबला हात लावून किती वेळ उरला ते कळते. ही सोय कित्येक महागड्या मशीनमध्ये नाही.

खुणा मात्र मोजक्याच कराव्यात. उंच चिकट ठिपका किंवा एम-सीलचा थेंब फक्त ‘सुरू’ आणि नेहमीचा प्रोग्रॅम यांच्यापाशी लावावा. सगळीकडे ठिपके लावले, तर एकही वेगळा ओळखू येत नाही. टच पॅनेलच घ्यावे लागले, तर ठिपका बटणावर न लावता त्याच्या बाजूला लावावा, म्हणजे बोट आधी तेथे टेकता येते.

इंडक्शनही दाबायच्या बटणांची किंवा नॉबची मिळते, तीच घ्यावी. भांडे आधी मध्यभागी ठेवून मग शेगडी सुरू करावी. ‘इंडक्शनची काच तापत नाही’ या समजुतीवर विसंबू नये. भांड्याच्या उष्णतेने ती चांगलीच तापते आणि शेगडी बंद केल्यावरही काही वेळ चटका देते. मिक्सरचा चिंता करण्याजोगा प्रश्न नाही, त्याचा साधा नॉब पुरेसा आहे.

विक्रेत्यांनी तुम्हाला वगळून पतींशी बोलावे, हे वाचून मला फार वाईट वाटले. मशीन तुम्ही चालवणार आहात, तेव्हा पॅनेलवर पहिला हात तुमचाच पडला पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 43 नुसार सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला आणि वितरणाला चालना देणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. त्यामुळे निवडलेल्या मशीनमधील उणिवा कंपनीला लेखी कळवाव्यात. खरेदीपूर्वी वरळीच्या नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांच्या केंद्रात ओळखी असतील, तर तेथील अंध गृहिणींचा आणि नोकरदारांचा अनुभव अवश्य विचारावा.

प्रश्न : काचबिंदूमुळे आईची नजर कमी होत चालली आहे. एसीचा रिमोट तिला वाचता येत नाही. मायक्रोवेव्हही बदलायचा आहे.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : रिमोटचे तापमान कमी करण्याचे बटण भरपूर वेळा दाबले, की आकडा किमान मर्यादेवर येऊन थांबतो, पुष्कळ एसींत ही मर्यादा 16 अंश असते. तेथून आठ वेळा वाढवले की 24 होतात. आपल्या एसीची मर्यादा एकदा पाहून आईंना सांगावी आणि वाढवण्याच्या बटणाच्या बाजूला ठिपका लावावा. मायक्रोवेव्ह दोन नॉबचा साधा घ्यावा, ज्यात वेळ संपताच घंटा वाजते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून आईंना अजून दिसते आहे तोवरच या खुणा त्यांच्या हाताने लावून घ्याव्यात आणि डोळे मिटून बटणे ओळखण्याचा सराव सुरू करावा.